रंकाळ्याचं पाणी वर्षभर मोजताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोल्हापूरचा रंकाळा तलाव निवडला, कारण याच काठावर भेळ खात मी मोठी झाले. महिन्यातून दोनदा, सकाळी दहाला नमुने घ्यायचे. वेळ बदलून चालत नाही. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं, त्यामुळे पहाटेचा आकडा नि दुपारचा आकडा यांचा मेळ बसत नाही.

जागाही तीच हवी. त्यावर नाववाल्या मामांनी तोडगा काढला. "ताई, शालिनी पॅलेसचा मनोरा त्या पिंपळाआड गेला की थांबायचं." वर्षभर आमची खूण तीच.

तिथं आधी पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्की चकती सोडायची. २० सेंटिमीटरची, काळी-पांढरी, दोरीला खुणा केलेली. खाली जाताना दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, दोन्हींची सरासरी घ्यायची. तलावात पोषकद्रव्यं किती हे सांगणाऱ्या कार्लसनच्या १९७७च्या निर्देशांकात १ मीटर पारदर्शकतेला ६० गुण, अर्ध्या मीटरला ७०. गुण जितके जास्त, तितकं पाणी पोषकद्रव्यांनी लदलेलं. पावसाळ्यात मात्र चकती लवकर नाहीशी व्हायची ती शेवाळामुळे नव्हे, गाळामुळे. शेवाळातलं हरितद्रव्य वेगळं मोजलं तेव्हा हे कळलं.

खरी परीक्षा फॉस्फेटने, म्हणजे शेवाळ पोसणाऱ्या पोषकद्रव्याने घेतली. अमोनियम मॉलिब्डेट आणि स्टॅनस क्लोराइड घातलं की नमुना निळा होतो. फॉस्फेट जास्त, तर निळा गडद. पहिले दोन महिने सगळेच नमुने गडद. सांडपाण्यावर पानभर लिहूनही झालं. मग मॅडमनी विचारलं, "त्याच बाटलीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर घालून पाहिलंस का?"

पाहिलं. तेही निळं झालं.

बाटल्या मी धुण्याच्या पावडरीने घासत होते, त्यातलंच फॉस्फेट काचेला चिकटून राहिलं होतं. दोन महिन्यांचे आकडे खोडले. त्या रात्री खूप रडले. पुढे प्रत्येक बाटली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतली आणि दर खेपेला शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत तपासली.

निळा फिका झाला, पण गेला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरून तलावातला संध्यामठ उघडा पडला, तेव्हा काठाला हिरवी साय धरली होती आणि ती पाहून पोटात कालवलं.

यंदा वही धाकट्या वर्गातल्या मुलीकडे दिली. पहिल्या पानावर पिंपळाची खूण लिहिली आहे, आणि खाली लाल शाईने: बाटल्यांना पावडर लावू नकोस.