आमची वाटचाल : चार बाय अडीच इंच

आमचा धंदा काय असं कोणी विचारलं की मी पूर्वी सांगायचो कॅसेटचे इनले करतो, आता तसं सांगितलं की पोरं विचारतात इनले म्हणजे काय. कॅसेटच्या डबीत घडी घालून बसवायचा छापील कागद, म्हणजे कव्हर. असो. १९९१च्या दसऱ्याला लालबागला जिन्याखाली एक खोपटं घेतलं, आठ बाय दहा, तेव्हापासून मुंबईतल्या कॅसेट कंपन्यांची कामं करायला लागलो. मुलगी म्हणाली बाबा एकदा लिहून काढा, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तिने बघितलंय, बाकी माझं.

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप झाला आणि आमच्या घरातलं जेजे आर्ट स्कूलचं स्वप्न तिथेच संपलं. मी परळच्या एका पेंटरकडे ऑर्केस्ट्राचे बॅनर रंगवायला लागलो. ब्रशने अक्षर काढायला तिथे शिकलो, आणि उधारी कशी मागायची नसते तेही तिथेच. दुकान काढलं ते त्याच पेंटरकडच्या एका जोडीदाराबरोबर, फिफ्टी फिफ्टी. एक गोष्ट कबूल करतो, त्याचं लेटरिंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. 'श्री' काढावा तर त्याने. माझा हात लेआउटचा.

सामान म्हणजे रेघा आखायची दोन रोटरिंग शाईपेन (०.२चं सारखं तुंबायचं, कोमट पाण्यात सोडून ठेवायचं आणि हलवताना आतला गोळा टकटक वाजला की समजायचं सुटलं), रबर सोल्युशनचा डबा, कटर, बटर पेपर, आणि एक एअरब्रश ज्याला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडलेला. तो सुरू केला की वरच्या मजल्यावरच्या आजी ओरडायच्या. टायपाचे ब्रोमाईड (फोटोच्या कागदावर उमटवलेली अक्षरं) बाहेरून आणायचे, कापून चिकटवायचे, एखादी वेलांटी पडली की फरशीवर गुडघ्यावर बसून शोधायची. आज कंट्रोल झेड दाबणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही.

एलपीचे कव्हर करणाऱ्यांना बारा इंच मिळायचे, आम्हाला मिळाले उभे चार बाय अडीच, अर्ध्या इंचाची पाठ आणि मागे दुमडायची एक पट्टी. एवढ्यात देव, गायक, दुसरा गायक, संगीतकार, गीतकार, कंपनीचा लोगो आणि शेठच्या वडिलांचं नाव, सगळं बसवायचं. सगळ्यांची नावं असायची, तबलावाल्याचं पण. चित्र करणाऱ्याचं नसायचं. मी एकदा आतल्या पट्टीवर चार पॉइंटमध्ये 'मुखपृष्ठ' लिहून आमचं नाव टाकलं तर शेठने प्रुफावर लाल पेनाने खोडलं आणि म्हणाला, "इथे एसटीडी नंबर बसेल." बसवला.

आता बुवांबद्दल. बुवा म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक जे परत आलं. कणकवलीकडचे, नोकरी बेस्टमध्ये कंडक्टर, आणि रात्री डबलबारीचे भजनी बुवा. ज्यांनी डबलबारी ऐकलीय त्यांना सांगायला नको, दोन बुवा समोरासमोर, पखवाज, गजर, गौळण, आणि एकमेकांना टोमणे पहाटेपर्यंत. तर अशा सामन्याची कॅसेट निघायची तेव्हा कव्हरवर दोघांचे फोटो सारखे लागायचे. सारखे म्हणजे फूटपट्टीने सारखे! बुवा खिशातून पट्टी काढून कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजायचे. एकदा समोरचे बुवा टकले होते, तर त्यांचं कपाळ कुठे संपतं यावर दुकानात पाऊण तास चर्चा झाली, शेवटी भुवयांपासून मोजायचं ठरलं. पण पैसे? डिलिव्हरीच्या आधी, सुटे, कंडक्टरच्या पिशवीतून मोजून. कंपनीचे चेक ९० दिवसांनी यायचे आणि कधी परत पण जायचे.

१९९६ला कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. डिझाइनसाठी कोरल ड्रॉ, मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी, आणि प्रिंटर पोर्टला लावायचं ते श्रीलिपीचं लॉक, जे मी रात्री काढून घरी डब्यात ठेवायचो. जोडीदाराला हे काही पटलं नाही, त्याचं म्हणणं माऊसने अक्षराला जीव येत नाही. ठीक आहे, मत आहे. पण पुढच्याच वर्षी तो वेगळा झाला, तीन कंपन्या बरोबर घेऊन गेला, आणि चार महिन्यांत स्वतः कॉम्प्युटर घेतला. माझी झिप डिस्क पण त्याच्याकडेच राहिली, शंभर एमबीची. अजून आलेली नाही.

आणि मग १९९८चा गणपती. आरत्यांची कॅसेट, मोठी कंपनी, १५,००० इनले. मी मूर्खासारखं डिझाइनबरोबर छपाई पण अंगावर घेतली, कागद उधारीवर, १३०चा आर्ट पेपर, एका शीटवर २४ इनले, वेस्टेज धरून सातशेच्या आत शीट. फाईल घेऊन प्रभादेवीला पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईच्या फिल्म, काढायला गेलो, रात्री अकरा, सीझनमुळे रांग. त्यांच्याकडे त्याच फॉन्टचं दुसरं व्हर्जन होतं. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक जोडाक्षराला आपली आपली जागा असायची, व्हर्जन बदललं की जागा हलायची. बाकी सगळं बरोबर आलं, फक्त 'श्री' गायब. चार रंगांच्या चारही फिल्म मी लाइटबॉक्सवर एकावर एक लावून भिंगाने बघितल्या, रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नीट बसतात का ते) बघितलं, स्क्रीन बघितली, यलोवरचा ओरखडा पण बघितला. शब्द वाचला नाही. माणूस स्वतःचं लिहिलेलं वाचत नाही, जे लिहायचं होतं तेच वाचतो.

छापून, कापून, घडीच्या रेघा पडून गठ्ठे दुकानात आले. बायको जेवणाचा डबा घेऊन आली, एक उचलला आणि म्हणाली, "अहो, नुसतंच गणेश आरती संग्रह? श्री कुठंय?" वर मोकळी जागा सोडलेली, गणपतीच्या डोक्यावर, टक्कल पडल्यासारखी.

कंपनीने फोनवरच सांगितलं माल घेणार नाही, मागची दोन बिलं पण विसरा. गणपतीला २० दिवस. कागदवाला दारात. मी दोन दिवस खरंच दुकान विकायचा विचार केला. आणि हे कंपनीला इतक्या लवकर कोणी कळवलं? मी तर सांगितलं नव्हतं. त्याच प्रेसमध्ये आमच्या माजी जोडीदाराचं काम चालू होतं एवढंच सांगतो, जास्त बोलत नाही.

बुवा त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी आपल्या कामाला आले होते. त्यांनी इनले हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "लग्नपत्रिकेर चिकटवतत तो सोनेरी श्री हडे बसात काय?"

मोजला. बसत होता, एक सूत इकडेतिकडे!

दुसऱ्या दिवशी भुलेश्वर, अब्दुल रहमान स्ट्रीट, पत्रिकावाल्यांची सगळी दुकानं पालथी घातली. गोल्ड फॉइलचा तयार स्टिकर, २५ पैशाला एक, म्हणजे ३,७५० रुपये, ते बुवांनी दिले. एका प्रकारचे नऊ हजारच मिळाले, बाकी दुसऱ्या वळणाचे घेतले. मग त्यांचं अख्खं भजनी मंडळ, आमची चाळ, वरच्या मजल्यावरच्या आजी (कॉम्प्रेसरवाल्या), सगळे दोन रात्री चटईवर बसून श्री चिकटवत होते. बोटांना गोंद लागून स्टिकर उलटा बसायचा म्हणून आजींनी ताटलीत टाल्कम पावडर ठेवली, दर पाच-सहा स्टिकरला बोट बुडवायचं. पखवाजवाल्याला काही हे काम जमेना, त्याला चहा करायला बसवला. पहाटे कोणीतरी गजर सुरू केला आणि स्पीड दुप्पट झाला.

माल घेऊन मी स्वतः कंपनीत गेलो. शेठने उजेडात धरला, चकाकला. म्हणाला, "हे एकदम भारी दिसतं, आधी का नाही सुचलं?" माल घेतला, पैसे पण दिले, ४० टक्के कापून. पुढची तीन वर्षं त्या कंपनीच्या प्रत्येक गणपतीच्या कॅसेटवर सोनेरी श्री होता. ती कामं कोणाला मिळाली असतील? बरोबर, आमच्या माजी जोडीदाराला. आणि नंतर एका लग्नात भेटला तेव्हा चार लोकांत सांगत होता की गोल्डन श्रीची आयडिया त्याची. मी पुरणपोळी खात होतो, काही बोललो नाही. आता लिहितोय. कोणाकडे ती ९८ची कॅसेट असेल तर बघा, दोन वळणाचे श्री सापडतील, एका वळणाचे नऊ हजार आणि दुसऱ्या वळणाचे सहा हजार. ज्याने आयडिया काढली असं म्हणतो त्याला विचारा दोन का.

मग सीडी आली, पावणेपाच इंचाचा चौकोन, बुकलेट, ऐसपैस जागा. मजा यायची तोवर दादर स्टेशनबाहेर शंभर गाण्यांच्या एमपी-३ सीडी लागायला लागल्या, कव्हर म्हणजे कलर झेरॉक्स, बऱ्याचदा माझ्याच डिझाइनची. मधली वर्षं फ्लेक्स आणि वाढदिवसांवर काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, कर्ज फिटलं.

आता काम यूट्यूबचं. आगरी-कोळी हळदीची गाणी, भीमजयंतीची गाणी, १२८० बाय ७२० थंबनेल, आणि ॲप्ससाठी ३००० बाय ३००० चौकोन, जो शेवटी लोक फोनवर नखाएवढा बघतात. म्हणजे फिरून परत चार बाय अडीचच्या पण खाली. पोरं एआयवर चित्र काढून आणतात, देव झकास असतो आणि खाली अक्षरं अशी की ना मराठी ना मोडी. मग ती नीट करायला माझ्याकडे येतात. श्री बहुतेक वेळा चुकलेलाच असतो, मला हसू येतं.

नवीन येणाऱ्यांनी विचारलं नाहीये तरी सांगतो. फाईल बाहेर जायच्या आधी सगळं कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे आकार करा, फॉन्टची गरज राहत नाही), युनिकोड असलं तरी करा. ओपन फाईल, म्हणजे बदलता येईल अशी, देऊ नका, जोडीदाराला तर नाहीच. नावांचा क्रम गायकाकडून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. छपाई अंगावर घेऊ नका, घेतली तर बायकोला प्रुफ दाखवा. आणि निम्मे पैसे आधी.

बुवा आता ८२ वर्षांचे, गावाला असतात. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, त्याने वडिलांच्या जुन्या बाऱ्या, म्हणजे डबलबारीचे सामने, यूट्यूब चॅनलवर टाकायला घेतल्यात, १२ थंबनेल पाहिजेत. रेट ऐकून म्हणाला काका आपलं घरचंच आहे, जरा कमी करा, पैसे व्ह्यूज आले की बघू. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "झिला, पैशे आदी दी त्याका. नि दोघांचे फोटो सारके लाव म्हणान सांग."