गॅस गेलेला नव्हता

ठाण्यातले तीन दिवस एका ओळीत संपतात: उपवनला गर्दी, घोडबंदर रोडला त्याहून जास्त. खाडी ओलांडून ऐरोलीत गाडी लावली आणि ऑक्टोबरच्या भर दुपारी मोटरहोममधल्या १२ व्होल्टच्या फ्रिजने मान टाकली. आत सकाळीच दिवाळे कोळीवाड्यातून आणलेले बांगडे.

बघायला आलेल्या मेकॅनिकने मागची जाळीही न काढता सांगून टाकलं, ‘‘गॅस गेलाय साहेब, भरावा लागेल.’’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. गॅस गेला तर कॉम्प्रेसर चालूच राहतो, फक्त गारवा येत नाही. आमचा दोन-तीन सेकंद घुरघुरून गप्प बसायचा आणि मिनिटभराने परत तेच. गॅसचा संबंधच नाही.

जाळी काढली. बीडी ३५ एफ मॉडेलचा कॉम्प्रेसर. त्याला चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटच्या ‘डी’ टर्मिनल आणि प्लसमध्ये जोडलेला एलईडी दर ४ सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. दोनदा पंखा, तीनदा मोटर उठत नाही, चारदा मोटरचा वेग पडतोय, पाचदा युनिट तापलंय. तुमच्या फ्रिजला हा एलईडी नसेल तर आधी तो लावा.

बॅटरीवर १२.६ व्होल्ट, फ्रिजच्या टर्मिनलवरही तितकेच. इथेच फसायला होतं, कारण हे माप कॉम्प्रेसर थांबलेला असतानाचं. मल्टीमीटरच्या पिना तशाच धरून ठेवल्या. कॉम्प्रेसर उठला आणि आकडा धाडकन १०.२. युनिट मूळ सेटिंगला १०.४ व्होल्टवर कॉम्प्रेसर तोडतं आणि ११.७ ला परत जोडतं. कॉम्प्रेसर थांबून लोड सुटला की व्होल्टेज लगेच वर, म्हणून पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

मग लोड असतानाच एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना पिना लावल्या. नुसत्या फ्यूज होल्डरमध्ये १.३ व्होल्ट जिरत होते: पाती हिरवी, प्लास्टिक वितळून पिवळं. खाडीची खारट हवा तांब्याला सोडत नाही. उरलेलं बहुतेक वायरीने खाल्लं. बॅटरीपासून ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर, २.५ चौरस मिमीच्या वायरीत १० अँपिअरला ०.८ व्होल्ट तिथेच जातात.

तुर्भ्याला, ट्रकवाल्यांच्या ऑटो इलेक्ट्रिक दुकानातून ६ चौरस मिमीची वायर, टिन केलेले तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला बसवायचे जोड), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) आणि झाकणाचा फ्यूज होल्डर आणला. बॅटरीची मायनस सोडवूनच काम. प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीपर्यंत नेल्या. मायनस चेसिसला टेकवली की गंजायला आणखी एक जोड मिळतो. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीला लागूनच, कारण तो फ्रिजपेक्षा वायरीला जपतो. लग क्रिम्पिंग पक्कडीने दाबले. सोल्डर नको: ते वायरीत चढून तिला कडक करतं, आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती नेमकी त्या कडेला तुटते.

कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजपाशी आता १२.२ व्होल्ट. कंडेन्सरवरची धूळही जाता जाता ब्रशने झाडली.

बांगडे मात्र थांबले नाहीत, दुपारीच तळावे लागले. आणि ती २.५ ची वायर मीच टाकली होती, घरच्या वायरिंगमधून उरलेली, फुकट जाऊ नये म्हणून.