झालरीची उलटतपासणी

श्रावण लागला की माझ्याकडे येणारी कामं ठरलेली असतात. मखराचे खांब, मखराची कमान, मागची प्रभावळ, आणि गेल्या चवथीला कुणाच्या तरी पोराने मोडलेला मखरावरचा मोर. मुंबई, पुणे, दुबईला पांगलेली माणसं चवथीला मूळ घरात जमतात, त्यामुळे गोव्यात गणपतीआधी घरोघर डागडुजी निघते. सुतार, रंगारी, वायरमन यांना त्या दिवसांत फोन उचलायलाही फुरसत नसते. मी या तिघांतला नव्हे. वेर्ण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून मी स्क्रोल सॉवर जाळीकाम करायला लागलो, पण आमच्या भागात लाकडाला हात लावणारा प्रत्येक माणूस मेस्त, म्हणून मीही मेस्तच.

स्क्रोल सॉ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: यंत्र शिलाई मशीनसारखं दिसतं, सुईच्या जागी दोन्ही टोकांना आवळलेलं पाच इंची बारीक पातं वर-खाली चालतं, आणि वळण घ्यायचं तर पात्याने नाही, लाकडाने घ्यायचं. मी त्यावर दारावरच्या नावाच्या पाट्या, देवाच्या खोलीची जाळी, तुळशीवृंदावन, नाताळचे तारे असलं काय काय कापतो. फोंड्याच्या बाजारात, जत्रेत, पणजीच्या एकदोन दुकानांत माल ठेवतो. पर्यटक घेतो ते बॅगेत मावणारं आणि पाचशेच्या आतलं. गोंयकार घेतो ती नावाची पाटी, आणि तीही घासाघीस करून.

तर हे काम वेगळं होतं. फोंडा तालुक्यातलं जुनं घर, मधे राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, वर मंगळुरी कौलं. पुढच्या पावळीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, कौलांची टोकं झाकणारी लाकडी झालर: उभ्या फळ्या एकीला एक लावून ठोकलेल्या, खालचं टोक निमुळतं, पोटात पिंपळपान आणि पानाच्या दोन बाजूंना दोन थेंब. पावसाळ्याच्या सुरुवातीला माडाचं चुडत, म्हणजे झावळी, कोसळलं आणि सात फळ्या घेऊन खाली आलं. खाली आल्या त्या वाळवीने आतून पोखरलेल्या निघाल्या, त्यांचा चुरा झाला. चवथीआधी सात फळ्या हव्यात, बाकीच्यांशी जुळणाऱ्या. एवढंच काम. फोनवर ऐकून मला वाटलं, एक फळी उतरवून घ्यायची, कागदावर उठवायची, सात कापायच्या.

मी पोचलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. घरातले वडीलधारे, सगळे त्यांना भाई म्हणतात, ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. पुण्याहून आलेला पुतण्या हातात मोबाइल घेऊन उभा. त्याने माझ्यापुढे आधी एक नमुना धरला.

"काका, हे बघा. लेझरवर कापून दिलंय त्याने, एमडीएफमध्ये. एका तासात. चारशे रुपये पीस म्हणतोय."

नमुना छान होता, खोटं कशाला बोलू. पान अगदी रेखीव. कडा मात्र तपकिरी-काळी, आणि नाकाजवळ नेली की जळका वास. लेझरचं हेच ओळखायचं लक्षण. करवतीच्या कडेवर नीट पाहिलं तर बारीक उभ्या रेघा दिसतात. मी त्याला म्हटलं, हे घरात भिंतीवर लावा, वर्षानुवर्षं राहील. पावळीला लावलंत तर पहिल्या पावसात कडेने पाणी पिऊन पावासारखं फुगेल. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकाने दाबलेले, त्याला आपला जून-जुलै सोसत नाही.

"मग सागवानावर सीएनसी करू."

हा मुलगा हुशार होता. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं यंत्र; त्याने सागवान उत्तम कापतं, पण तिथे फिरतं ते गोल बिट. तीन मिलिमीटरचं बिट घेतलं तरी आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई राहतेच. पिंपळपानाचं टोक आणि थेंबाचं टोक, दोन्ही आत टोचणारी. ती बोथट झाली की खालून पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण नवीन फळ्या कुठल्या ते बरोबर सांगता येईल. माझं पातं जेमतेम एक मिलिमीटर रुंद, त्यामुळे टोकापर्यंत जाऊन मागे येता येतं, दुसऱ्या बाजूने परत टोकाला भिडता येतं. भाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पुतण्याला म्हणाले, "आधी त्याला वर चढू दे."

शिडी लावली. खालून भाईंचा आवाज, "मेस्ता, सांबाळून हां, निसण हालता."

वर गेल्यावर पहिलं दिसलं ते रंगाचं जाड कातडं. हिरवा ऑइलपेंट, त्याखाली दुसरा हिरवा, त्याखाली पांढरा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, म्हणून मी कोरडा रंग कधी खरवडत नाही. फडकं ओलं करून, तोंडाला मास्क लावून, पातळ पट्टीने थोडा थोडा काढतो. गॅपच्या उजव्या हाताची फळी निवडली, ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिल घासली, पानाची कड उठली. खात्री म्हणून तोच कागद पुढच्या फळीवर धरला. जुळेना. पान काडीपेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीने सरकलेलं. तिसऱ्या फळीवर आणखी थोडं. पाचवीवर एकदम वेगळंच.

हाताने कापलेल्या कामात फळ्या सारख्या नसतात हे मला नवीन नव्हतं. पण हा फरक वाटेल तसा नव्हता, एकाच दिशेने सरकत होता. आणि पहिल्या चार फळ्यांत पानाच्या डाव्या गालावर एक बारीक खाच होती, चारही फळ्यांत नेमकी त्याच जागी. पाचवीपासून खाच गायब, तिथून पुढच्या चारांत उजव्या थेंबाचं पोट सपाट.

मी शिडीवरच थांबून राहिलो. खालून घरातल्या माईंनी चहा घ्यायला बोलावलं तरी ऐकलं नाही, असं नंतर कळलं.

झालं होतं ते असं. त्या जुन्या मेस्ताने चार-चार फळ्या एकावर एक ठेवून, खिळ्याने एकत्र पकडून, चारही एका दमात कापल्या होत्या. आम्हीही तेच करतो, जुडगं बांधून कापणं म्हणतात त्याला. वेळ वाचतो आणि नमुना एकसारखा येतो. त्याचा हात पानाच्या गालावर एकदा कचरला, ती खाच चारही फळ्यांत उतरली. आणि हाताची करवत अगदी ओळंब्यात धरणं कठीण, थोडी कलतेच. त्यामुळे वरच्या फळीत पान जिथे आहे तिथून ते खालच्या प्रत्येक फळीत जरा जरा सरकत गेलं. जुडगं सोडलं आणि ज्या ओळीने फळ्या हातात आल्या त्याच ओळीने त्याने पावळीला ठोकल्या. टॉर्च धरून शोधलं तर प्रत्येक चौकडीत, फळीच्या वरच्या कोपऱ्यात, एकाच जागी बुजवलेली खिळ्याची भोकंही सापडली.

आता हे सगळं कौतुकापुरतं असतं तर मी खाली उतरून चहा प्यायलो असतो. पण यावर माझं काम अवलंबून होतं. मी उठवलेली फळी जुडग्यातली सगळ्यात खालची असेल तर तिच्यातला सगळा कल माझ्या सातही फळ्यांत जाईल. मला हवी होती जुडग्यातली सगळ्यात वरची, म्हणजे जिच्यावर त्याने प्रत्यक्ष आखणी केली ती. पण कुठल्या टोकाची वरची आणि कुठल्या टोकाची खालची हे सरकण्यावरून कळत नाही. करवत डावीकडे कलली की उजवीकडे, कोण सांगणार?

म्हणून खाच नसलेल्या, सपाट थेंब नसलेल्या एका चौकडीच्या दोन्ही टोकांच्या फळ्यांवरचा रंग ओल्या फडक्याने हळूहळू काढला. डाव्या टोकाची कोरी निघाली. उजव्या टोकाच्या फळीवर, पान टोकाकडे निमुळतं होतं त्या वळणाबाहेरच्या शिल्लक लाकडात, कंपासचा टोचा होता. सुईने टोचावं तेवढाच, आत जुना पांढरा रंग भरलेला. आणि देठाकडे जाणारी अणकुचीदार हत्याराने ओढलेली आखणीची रेघ, कापताना करवत तिच्या किंचित आतून, पानाच्या बाजूने गेलेली. हीच ती. मधल्या दोन फळ्याही पाहिल्या, त्यांच्यावर काही नाही.

मी वरून ओरडलो तेव्हा पुतण्याला वाटलं मी पडतोय. मग त्याला वर बोलावलं, टॉर्च त्याच्या हातात दिला आणि खिळ्याची भोकं दाखवली. त्यानंतर लेझरचा विषय निघालाच नाही. तो शिडी सरकवत सरकवत पूर्ण पावळीभर गेला आणि वरून खाली घोषणा करत राहिला: "भाई, ही नवी चौकडी! ह्यात दोन्ही थेंब वाकडे!" भाई खाली वहीत लिहून घेत होते. एका ठिकाणी तीनचीच जोडी सापडली, तिथली चौथी कधीतरी कुणीतरी बदललेली, तिचं पान जाड आणि खिळ्याची भोकं नाहीत. कधी बदलली ते घरात कुणालाच आठवेना. माईंचं म्हणणं, त्यांच्या लग्नात मंडप बांधताना झावळ्यांच्या बांबूने काहीतरी मोडलं होतं, पण ते पुढच्या बाजूला की राजांगणात, यावर त्यांचं आणि भाईंचं जुंपलं.

चहा गार झालेला. त्याबरोबर नवा वाद: खाच ठेवायची की नाही? गॅपच्या डाव्या कडेला एकटी फळी राहिली होती, तिच्याही गालावर तिच्या जुडग्याची वेगळी खाच होती आणि तिच्या तीन सोबतिणी चुडताने नेलेल्या. पुतण्या म्हणे त्या तिघींत खाच हवीच, नाहीतर चौकडी तुटते. सकाळी एमडीएफ घेऊन उभा असलेला हाच मुलगा. मी स्पष्ट नाही म्हटलं. खाच म्हणजे त्या माणसाचा कचरलेला हात. ती मी मुद्दाम काढली तर ती नक्कल होईल, आणि माझा हात कचरायचा तिथे कचरेलच, त्याची वेगळी खाच पडेल. आखणी त्याची, हात माझा. शिवाय फळीच्या पाठीमागे साल आणि 'नवीन' असं पेन्सिलने लिहून ठेवणार, म्हणजे पुढे जो कुणी शिडी लावेल तो माझ्या फळ्यांवरून माप घेणार नाही. भाईंना हे पटलं. पुतण्याला पटलं असं म्हणवत नाही.

लाकडाचा प्रश्न माईंनीच सोडवला. माळ्यावर जुन्या दाराची सागवानी फळी पडून होती. नव्या लाकडापेक्षा हे कधीही बरं, इतकी वर्षं पावसाळे-उन्हाळे खाऊन ते आपल्या जागी बसलेलं असतं, वाकत नाही. त्यातले खिळे मात्र चुंबक फिरवून एकेक शोधून काढावे लागतात. एक खिळा लागला की पातं गेलंच. सागवानात तसंही पाती लवकर बोथटतात, कारण त्या लाकडात सिलिका असते. ग्राहकाला लाकूड दिसतं, पात्यांचा पुडा दिसत नाही.

मग दर. भाईंना वाटत होतं दर फळीच्या लांबीवर असतो. मी त्यांना भोकं मोजून दाखवली. पान एक, थेंब दोन. आतल्या प्रत्येक भोकासाठी आधी ड्रिल, मग पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं, ताण बोटाने छेडून पाहायचा, मग कापायचं. मी अर्धा इंची फळ्या दोन-दोन जोडून कापतो, चार नाही. माझ्या यंत्राला दोन इंच जाडी झेपते असं पुस्तिकेत लिहिलंय, पण एवढ्या जाडीत पातं पोटात वाकतं आणि तोच कल परत येतो. वर पॅकिंगची टेप चिकटवली की लाकूड जळत नाही. फळी सव्वा फूटच लांब होती म्हणून बरं, जास्त लांब असती तर यंत्राच्या हाताला अडकून फिरलीच नसती. फळीमागे आठशे सांगितले, लाकूड तुमचं.

"म्हारग दिसता रे," भाई म्हणाले. पण म्हणाले ते वहीत चौकड्यांची यादी पुरी करता करता, वर न बघता. मी गप्प राहिलो. घासाघिशीत पहिला बोलेल तो हरतो, हे मला जत्रेत बसून कळलेलं. शेवटी सातांचे साडेपाच हजार ठरले, म्हणजे एका शंभराच्या नोटेवर दोघांचाही मान राहिला.

निघताना पुतण्याने विचारलं, मखराची जाळीही सागवानात करून द्याल का? मी म्हटलं, मखर घरात, कोरड्यात, आणि तुमचा गणपती दीड दिवसाचा. ते लेझरवाल्याकडून एमडीएफमध्येच घ्या, पुढच्या वर्षी नमुना बदलावासा वाटेल तेव्हा जीव तुटणार नाही. फक्त त्याला सांगा, कडा पॉलिश पेपरने घासून दे, नाहीतर काजळी माईंच्या रेशमी लुगड्याला लागेल. माईंनी हे ऐकलं आणि लेझरवाल्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला.