कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरचा रोरी गॅलहर

रोरी गॅलहरला ज्यांनी फक्त स्टुडिओतल्या अल्बममधून ऐकलंय, त्यांनी तो अर्धाच ऐकलाय असं माझं ठाम मत आहे. मैफलीतलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं यांतला फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. या आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादकाचंही तसंच आहे. त्यातही मोठ्या महोत्सवांत तो वाजवायचा तेव्हा गोष्ट आणखी वेगळी व्हायची. समोरचे सगळे त्याच्यासाठी आलेले नसायचे, वेळ ठरलेला असायचा आणि तेवढ्यात अनोळखी लोकांना आपलंसं करायचं असायचं. हे मला इतक्या स्पष्टपणे कळलं ते अलीकडे, एका जुन्या कॅसेटमुळे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोरीच्या १९६१ सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा लंडनमध्ये लिलाव झाला. पंधरा वर्षांच्या रोरीने ती १९६३ मध्ये कॉर्क शहरातल्या एका दुकानातून १०० पौंडांना घेतली होती, तीही सेकंडहँड. लिलावात तिला साडेआठ लाख पौंडांहून जास्त किंमत आली आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. ही बातमी वाचली आणि मी माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली काढला.

माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या दशकात युरोपातल्या बंदरांतून तो आमच्यासाठी कॅसेट भरून आणायचा. त्यातल्याच एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर बॉलपेनने फक्त ‘रोरी - लाइव्ह’ एवढंच लिहिलेलं होतं. कॉलेजात असताना ती घासून घासून ऐकली. पुढे सीडी आल्या, मग मोबाइल आला आणि कॅसेट मागे पडली.

मुंबईच्या दमट हवेत राहिलेली कॅसेट थेट डेकमध्ये घालू नये, हे कृपया लक्षात ठेवा. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली होती. ती तशीच फिरवली तर बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला चिकटते, टेप ओढली जाते आणि कधीकधी तुटतेही. आतली टेप दाबून धरणारा फेल्टचा तुकडाही गोंद सुकल्यामुळे निखळला होता. स्क्रूवाली चांगल्या स्थितीतली दुसरी कॅसेट उघडून तिच्या खोक्यात ही रिळं बसवली. बुरशी हलक्या हाताने कोरड्या कापडाने टिपून काढली, मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे सावकाश फिरवून घेतली. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने मधूनमधून पुसत राहिलो. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलता येतो. झांजेचा आवाज सर्वांत लख्ख येईल तिथे तो थांबवायचा. या एका स्क्रूने माझ्या कॅसेटवरचा धुरकट आवाज असा काही उघडला, की मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत बसलो.

पहिली बाजू ओळखायला वेळ लागला नाही. ती टेस्ट या रोरीच्या पहिल्या गाजलेल्या बँडची, १९७० च्या ऑगस्टमधली, आइल ऑफ वाइट महोत्सवातली. लाखोंची गर्दी, रोरी २२ वर्षांचा, बासवर रिचर्ड मॅक्रॅकन आणि ड्रम्सवर जॉन विल्सन. १९७१ मध्ये निघालेली त्या कार्यक्रमाची लाँगप्ले तबकडी दादाने भरून आणली होती. बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे ‘आय फील सो गुड’ मध्येच तुटतं. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यातही तिथेच तुटायचं! २०१५ मध्ये त्या दिवसाचं बरंच मोठं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. ते मिळवून तुटलेल्या जागेच्या पुढचं ऐकलं तेव्हा मी खरोखर उभा राहिलो. बँडमध्ये तेव्हा धुसफूस होती, त्याच वर्षाअखेर तो फुटला, पण वाजवण्यात त्याचा मागमूस नाही. तिघं एकमेकांना अक्षरशः पळवतात. व्हॉक्सचा एसी-थर्टी अँप आणि त्याआधी रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर उठावदार करणारं छोटं यंत्र, एवढ्यावरच त्याचा तो धारदार आवाज उभा आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या बाजूची. दादाला फोन केला. “दादा, दुसऱ्या बाजूला काय भरलं होतंस?”

“रेडिओवरून घेतलं होतं रे. कुठला कार्यक्रम ते आता कसं आठवणार? जहाज कुठल्या बंदरात होतं तेही आठवत नाही.”

मग फक्त कानांवर विसंबणं आलं. लाइव्ह ध्वनिमुद्रणाचं वर्ष ठरवायचं तर गिटारकडे नाही, गिटारच्या आजूबाजूला ऐकावं लागतं. गॅलहरच्या स्वतःच्या बँडमध्ये बासवर गेरी मॅकअव्हॉय जवळपास वीस वर्षं होता, त्यामुळे बासवरून फार काही कळत नाही. पण १९७२ ते १९७८ या काळात कीबोर्डवर लू मार्टिन आणि ड्रम्सवर रॉड डेअॅथ होते. १९७८ मध्ये ते दोघे बँड सोडून गेले, टेड मकेना ड्रम्सवर आला आणि पुन्हा तिघांचाच बँड झाला. माझ्या टेपवर पियानो कुठेच नव्हता. शिवाय ‘शिन किकर’ आणि ‘शॅडो प्ले’ ही गाणी होती, आणि ती १९७८ च्या ‘फोटो-फिनिश’ अल्बममधली. म्हणजे त्याच्या आधीचं काही असणं शक्य नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो जॅझ महोत्सवात रोरी १९७५, १९७७, १९७९, १९८५ आणि १९९४ मध्ये वाजला. त्या चित्रीकरणांची डीव्हीडी २००६ मध्ये निघाली. तिच्यातला १९७९ चा ‘शॅडो प्ले’ एका कानात आणि माझी टेप दुसऱ्या कानात, असं लावून बसलो. रोरी सोलो एकसारखा दोनदा वाजवत नसे. त्यामुळे सूर न् सूर जुळला तर संध्याकाळही तीच. टेप किंचित वेगाने पळत होती, म्हणून स्वर थोडा चढा लागत होता. संगणकावर वेग उतरवला आणि दोन्ही गिटारी एकमेकींवर नेमक्या बसल्या. मोंत्रो, १९७९! माझ्या तरुणपणाचा अर्धा भाग जिनिव्हा सरोवराच्या काठी वाजलेला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तिथून पुढे मी पाचही वर्षं क्रमाने ऐकली. माणूस तोच, महोत्सव तोच, हातातली घासलेली स्ट्रॅटही तीच, आणि तरी प्रत्येक वेळी गिटार वेगळी बोलते. १९७७ च्या ‘कॉलिंग कार्ड’मध्ये लू मार्टिनचा पियानो आहे म्हणून रोरी वाक्य अर्धं सोडू शकतो. डेअॅथचे ठेके जरा सैल, हेलकावणारे आहेत आणि गिटार त्यांच्यात लोळते. १९७९ मध्ये मकेना सरळ ठोकतो. पियानोने सोडलेली जागाही रोरीला एकट्याने भरावी लागते, म्हणून त्याचा हात जाड होतो, तारांवर तुटून पडतो. बऱ्याच चाहत्यांना हा तिघांचा काळ जास्त आवडतो. मलाही कॉलेजात तोच रोरी माहीत होता. आता मात्र मी १९७७ च्या बाजूने आहे. त्या बँडमध्ये ब्लूजला श्वास घ्यायला जागा मिळते. १९८५ बद्दल फार लिहीत नाही. वाजवलंय चांगलंच, पण परत लावावंसं वाटत नाही.

१९९४ मात्र चुकवू नका. बँड नवा, शरीर थकलेलं आणि सुजलेलं. पुढच्या वर्षी १४ जूनला, ४७ व्या वर्षी तो लंडनच्या रुग्णालयात वारला. पण त्या संध्याकाळी बेला फ्लेक बँजो घेऊन त्याच्या सोबतीला आला आहे. बँजोच्या भरधाव सुरांपुढे रोरी घाई करत नाही. आपलं ब्लूजचं वजन सोडत नाही. मार्क फेल्टमचा माउथऑर्गनही त्या कार्यक्रमात आहे आणि तो थेट काळजाला लागतो. ज्यांना रोरीची फक्त धडाक्याची गाणी ठाऊक आहेत, त्यांना मी आता आधी हेच ऐकवतो.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी काही मिनिटं अजून लागलेली नाहीत. ‘अॅज द क्रो फ्लाइज’ आहे, धातूच्या नॅशनल गिटारवर, आणि मागची खरखर आधीच्या गाण्यांपेक्षा निराळी आहे, म्हणजे कार्यक्रम दुसराच. तिथे रोरी एकटा वाजवतो. ड्रम्स नाहीत, पियानो नाही, त्यामुळे माझी वर्ष ठरवायची पद्धत तिथे चालत नाही. हे गाणं तो बरीच वर्षं वाजवत असे. सध्या १९७४ च्या आयर्लंड दौऱ्यातलं त्याचं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकतोय. ते नाही, एवढं नक्की झालंय. आता पुढची वर्षं.