कून क्रीकच्या खोऱ्यातील पट्टे

वेस्टबी गाव मागे पडले आणि चौदा क्रमांकाचा महामार्ग कून व्हॅलीच्या दिशेने उतरू लागला, तेव्हा मी भाच्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. समोरच्या टेकडीच्या माथ्यावर पिवळसर पडू लागलेल्या मक्याचा पट्टा होता, त्याला लागून लसूणघासाचा गर्द हिरवा पट्टा, त्याखाली कापणी झालेल्या ओटाचे सड आणि पुन्हा मका, असे एकाआड एक पट्टे टेकडीच्या अंगाबरोबर वळत गेले होते. त्यांतील एकही पट्टा उताराच्या दिशेने धावत नव्हता. सोलापूर जिल्ह्यात मृदसंधारणाच्या कामावर मी एकतीस वर्षे काढली. डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजणारी दुर्बीण लावून समपातळी, म्हणजे सारख्या उंचीवरून जाणाऱ्या रेषा आखायच्या आणि त्या रेषेवर बांध घालून घ्यायचे, यातच उमेदीचा काळ गेला. अशा माणसाला ती रेषा मैलभरावरूनही ओळखू येते. अमेरिकेत आल्यापासून मोठी शहरे पाहून झाली होती, पण ओळखीचे काही दिसले ते इथेच.

विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागातील ही व्हर्नन काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा प्रदेश रगडून सपाट केला, परंतु हा टापू त्यांच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे येथे अरुंद, लांबट माथे, त्यांच्या दोन्ही अंगांना उभे उतार आणि तळाशी चिंचोळी खोरी अशी रचना टिकून राहिली आहे. या खोऱ्यांना स्थानिक लोक ‘कूली’ म्हणतात. माथ्यावरची माती वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी बारीक आणि अत्यंत सुपीक आहे. मात्र पाण्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. आमची काळी माती पावसात फुगते, चिकटते आणि मग वाहते. ही माती थेंबाच्या माराने सुटते आणि लगेच पाण्याबरोबर चालू लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे नॉर्वेजियन शेतकरी येऊन वसले. त्यांनी आधी गहू पिकवला, मग ते दुभत्या जनावरांकडे आणि तंबाखूकडे वळले. शेते चौकोनी आखली गेली आणि नांगर उताराबरोबर वरखाली चालला. उभ्या उतारावरच्या झाडीत गुरे मोकाट चरत राहिल्याने तेथील जमीन टणक झाली आणि पाणी मुरेनासे झाले. पन्नास-साठ वर्षांत त्याचा हिशेब समोर आला. माथ्यावरून सुटलेल्या पाण्याने ओघळी पाडल्या, ओघळींच्या घळी झाल्या, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तळातील कुरणे, रस्ते व पूल गाळाखाली जाऊ लागले.

महामार्गाच्या कडेला राज्याच्या इतिहास खात्याने लावलेला एक फलक आहे. नव्वद हजार एकरांचे कून क्रीक या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये निवडले गेले आणि देशातील मृद व जलसंधारणाचे पहिले मोठे प्रात्यक्षिक येथे उभे राहिले, अशी नोंद त्यावर आहे. मृदातज्ज्ञ ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली तेव्हा नुकतीच स्थापन झालेली केंद्रीय धूप-नियंत्रण सेवा, राज्याचे विद्यापीठ आणि गावोगावचे जाणते शेतकरी यांनी मिळून ते काम केले. फलक वाचताना माझे लक्ष सालावर अडकले. सोलापूरचे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ सालचेच. त्या केंद्राच्या शेतावर आम्ही प्रशिक्षणासाठी कितीदा तरी गेलो होतो. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ताही नसलेली माणसे एकाच साली एकाच प्रश्नाला हात घालत होती, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

कून क्रीकची पद्धत मात्र आमच्याहून वेगळी होती. आमच्याकडे १९४२ चा जमीन सुधारणा कायदा झाला आणि समपातळी बांध घालण्याचा कार्यक्रम सरकारी यंत्रणेने गावागावांत नेला. येथे प्रत्येक शेतकऱ्याशी पाच वर्षांचा लेखी करार झाला. पट्टा पद्धतीने पीक घ्यायचे, पिकांची फेरपालट पाळायची, उभ्या उतारावरच्या झाडीतून गुरे कायमची बाहेर काढायची, हे शेतकऱ्याने कबूल करायचे. त्या बदल्यात चुना, बियाणे, कुंपणाची तार आणि मजूर सरकारने द्यायचे. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी उघडलेल्या शिबिरातील मुलांनी घळींमध्ये बांध घातले, कुंपणे उभारली, झाडे लावली. आमच्या भाषेत सांगायचे तर ‘माथा ते पायथा’ हे सूत्र येथे शेतकऱ्याच्या सहीने अमलात आले. ती सही मला फार मोलाची वाटते. आमच्याकडचे कितीतरी बांध मालकाला विश्वासात न घेता घातले गेले आणि पुढे मालकानेच ते नांगरून टाकले. त्यांतल्या काही बांधांच्या आखणीवर मी स्वतः उभा होतो.

दुसऱ्या दिवशी काउंटीच्या भू व जलसंधारण विभागातील एका तरुण अधिकारी बाईंनी आम्हाला एका ओढ्याच्या काठाशी नेले. पुराने कातरलेली दरड ताज्या कापलेल्या केकसारखी उभी होती. पाण्याच्या पातळीपासून हातभर उंचीवर कोळशासारखा काळा थर होता आणि त्यावर पुरुषभर उंचीचा फिकट तपकिरी गाळ, त्यात बारीक बारीक रेघा. काळा थर म्हणजे शेती सुरू होण्यापूर्वीचे मूळ कुरण होते. त्यावरचा सगळा गाळ म्हणजे साधारण एका शतकात माथ्यावरून उतरलेली शेतजमीन. बाईंनी खिशातून पेन काढून एका रेघेवर टेकवले आणि म्हणाल्या, “हा एक पाऊस.” मी आयुष्यभर धुपीची कोष्टके भरली, हेक्टरी टनांचे आकडे लिहिले, पण एका पावसाची जाडी अशी बोटाने मोजता येईल असे मला कधी दिसले नव्हते. मी त्या दरडीसमोर बराच वेळ थांबलो.

या खोऱ्यातील गाळाचा अभ्यास स्टॅन्ली ट्रिम्बल या भूगोलतज्ज्ञाने अनेक दशके केला. १९३० च्या दशकातील शिखराच्या तुलनेत विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे गाळ साचण्याचा वेग दहाव्या हिश्शापेक्षाही कमी झाला होता, असे त्यांच्या मोजमापातून दिसले. मुरलेले पाणी झऱ्यांतून वर आले, ओढे बारमाही थंड वाहू लागले, आणि आज टिंबर कूलीच्या ओढ्यात थंड पाण्यातले ट्राउट मासे नैसर्गिकरीत्या वाढतात. त्यासाठी दूरदूरचे लोक गळ घेऊन येतात. विहिरीची पातळी वाढली की आम्ही पाणलोट यशस्वी झाला असे मानतो; येथे ती खूण मासा देतो.

विस्कॉन्सिनमध्ये १९८२ च्या कायद्यापासून हे काम काउंटीच्या अंगावर आहे. काउंटीची भू-संधारण समिती असते आणि तिच्या हाताखाली दोन-चार तंत्रज्ञांचा विभाग असतो. खर्चाचा काही वाटा सरकार उचलते, उरलेला शेतकऱ्याचा. शेणखत किती व केव्हा टाकायचे याचा आराखडा, ओढ्याच्या काठाचे मजबुतीकरण, गुरांसाठी कुंपण, हिवाळ्यात जमीन उघडी पडू नये म्हणून मक्यानंतर पेरायचे राय हे गव्हासारखे पीक, ही त्यांची रोजची कामे.

त्याच आठवड्यात एका शेतावर शिवारफेरी होती. तेथे कृत्रिम पावसाचे यंत्र मांडले होते. नांगरलेली माती, न नांगरता पेरलेल्या शेतातील माती, आच्छादन पिकाखालची माती आणि चराऊ कुरणाची माती, असे चार ट्रे उतरते ठेवले होते आणि प्रत्येकाखाली दोन बरण्या होत्या, एक वरून वाहणाऱ्या पाण्यासाठी आणि दुसरी मुरलेल्या पाण्यासाठी. फवारा सुरू झाल्यावर काही मिनिटांतच नांगरलेल्या मातीची वरची बरणी गढूळ चहासारख्या पाण्याने भरली आणि खालची जवळपास कोरडी राहिली. कुरणाच्या ट्रेचे नेमके उलट झाले. सत्तरीचे दोन शेतकरी शेजारी उभे होते. त्यांनी एकही शब्द न बोलता त्या बरण्या उचलून उजेडात धरल्या. आमच्या प्रशिक्षणात तक्त्यांऐवजी असे एक यंत्र असते, तर माझी निम्मी भाषणे वाचली असती, असे मला मनापासून वाटले.

या खोऱ्यातील सारेच गोड नाही. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानंतर कून क्रीकच्या उपओढ्यांवर पूरनियंत्रणासाठी चौदा मातीचे बंधारे बांधले गेले. २७ व २८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री येथे अतिवृष्टी झाली आणि त्यांतील तीन फुटले. शेजारच्या वेस्ट फोर्क किकापू खोऱ्यातील आणखी दोन गेले. बंधाऱ्याचा मातीचा भराव जेथे डोंगराच्या अंगात रुतवला होता, तेथील वालुकाश्म भेगाळलेला होता आणि पाण्याने त्या भेगांतून वाट काढली. कून व्हॅली गावात पाणी शिरले. पुढे केंद्रीय यंत्रणेच्या अभ्यासात उरलेले बंधारेही काढून टाकावेत अशी शिफारस झाली. फुटलेल्या एका बंधाऱ्याच्या जागी मी उभा राहिलो. एका अंगाला उघडा खडक होता आणि मधे भरावाचा तुटका कडा. नाला बांधाचे अंग कच्च्या मुरमात बसवू नये, पाया खणून पक्का थर गाठावा, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो होतो. तरीही पावसानेच परीक्षा घेतल्यावर ती चूक कळते, हे मला आमच्याकडच्या कामांवरूनही ठाऊक आहे. या पुरानंतर शेतकरी व गावकरी यांनी कून क्रीक कम्युनिटी वॉटरशेड कौन्सिल स्थापन केली, आणि पाणी तळाशी अडवण्यापेक्षा माथ्यावर मुरवण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली.

माथ्यावर काय चालले आहे ते शेवटच्या दिवशी कळले. साठ गाई राखणारे एक वृद्ध शेतकरी आम्हाला स्वतःच्या शेतातून चालवत घेऊन गेले. त्यांच्या आजोबांनी १९३४ साली करार केला होता आणि पट्ट्यांच्या रेषा अजून त्याच आहेत. मी विचारले की, ऐंशी-नव्वद वर्षे या रेषा कोणी मोडल्या कशा नाहीत? त्यांनी उत्तर म्हणून गोठ्याकडे बोट दाखवले. लसूणघास गाईसाठी लागते, म्हणून तिचा पट्टा राहतो. तो पट्टा राहतो म्हणून वरच्या मक्यातील पाणी तेथे थांबते. गाय गेली की वैरणीला गिऱ्हाईक नाही, आणि मग मका व सोयाबीन यांच्या मोठ्या यंत्रांना अरुंद, वळणदार पट्टे अडचणीचे होतात. २०२३ पर्यंत विस्कॉन्सिनमधील दुग्धव्यवसायाचे गोठे सहा हजारांच्या खाली आले होते; वीस वर्षांपूर्वी ते पंधरा हजारांहून अधिक होते. पट्टे आखणारा तंत्रज्ञ मीही होतो, पण पट्टा गाय सांभाळते, ही गोष्ट मला त्या गोठ्यासमोर पहिल्यांदा स्पष्ट झाली. आमच्याकडे बांधावरची हराळी, बोरीबाभळी आणि कडबा खाणारी बैलजोडी गेली, त्याच वर्षांत बांधही बारीक होत गेले. तो संबंध मी तेव्हा जोडला नव्हता.

कुंपणापलीकडे शेजाऱ्याचे शेत होते. तेथील गाई दोन वर्षांपूर्वी विकल्या गेल्या आणि सगळ्या माथ्यावर सलग मका उभा होता. वृद्ध गृहस्थांनी मला तारेपाशी नेऊन मक्याच्या शेंड्यांकडे नीट पाहायला सांगितले. शेंड्यांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एक सौम्य उंचवटा दिसत होता, पुढे पुन्हा एक. जुन्या पट्ट्यांच्या कडेला ऐंशी वर्षे अडकून राहिलेल्या मातीचे ते वरंबे होते आणि वरच्या पिकाने त्यांची आखणी अजून जपली होती. मी सवयीने अलीकडच्या, अजून राखलेल्या पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली. ती तीस पावले भरली. मी काय मोजतो आहे हे त्यांनी विचारले नाही. ते माझ्या मागोमाग चालत आले, पट्ट्याच्या दुसऱ्या कडेला थांबले आणि सोलापुरात दोन बांधांमध्ये किती अंतर ठेवतात, असे त्यांनी विचारले. उतारावर अवलंबून असते, असे मी म्हणालो, आणि आम्ही दोघे उतार पाहत उभे राहिलो.