वीज गेल्यावर पाणी कुठे जाणार? रीफ टँकच्या प्लंबिंगचा माझा अनुभव

रीफ टँक, म्हणजे कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक, घ्यायचा ठरला तेव्हा कोरल कुठले आणि लाईट कुठला यापेक्षा एका प्रश्नाने मला जास्त छळलं. वीज गेली की हे पाणी जाणार कुठे? आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं इथे नेहमीचं, आणि पावसाळ्यात तर वार बघायची गरजच नाही. खालच्या काकांच्या छतातून खारं पाणी गळणं मला अजिबात परवडणार नव्हतं.

टँक 120 × 45 × 50 सेंटीमीटरचा, खाली कपाटात 75 × 40 × 40 चा संप, म्हणजे जोडटाकी. वरचं जादा पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे काठाजवळच्या निचऱ्यातून, संपमध्ये उतरतं, रिटर्न पंप ते परत वर चढवतो. पंप थांबला की तोच रिटर्न पाइप उलटा सायफन होतो, ड्रममधून नळीने डिझेल काढतात तसा. त्या पाइपच्या वरच्या टोकाच्या नोझलचं तोंड पाण्यात 10 सेंटीमीटर खोल असेल, तर माझ्या टँकमधून 54 लिटर पाणी खाली येईल. संपमध्ये चालू पातळीच्या वर जागा आहे 18 सेंटीमीटर, म्हणजे तीही 54 लिटरच. पाइपातलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी धरलं की फरशी भिजलीच. म्हणून नोझल पृष्ठभागाखाली फक्त 2 सेंटीमीटर ठेवलं. आता साधारण 11 लिटर खाली येतं. शिवाय पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला एक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो.

प्लंबर म्हणाले, "साहेब, एनआरव्ही टाकतो, मग टेन्शनच नाही." एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. इमारतीच्या टाकीला ते ठीक आहे. रीफच्या पाण्यात झडपेवर चुन्याचा थर चढतो, कधी गोगलगाय अडकते, आणि बरोबर नको त्या दिवशी झडप पूर्ण बसत नाही. मी एनआरव्ही घेतला नाही. त्यांनी पिशवीतून पितळी व्हॉल्व्ह काढला तेव्हा तर थेट नाही म्हटलं. पितळेत तांबं असतं, आणि ते कोरल, कोळंबी, गोगलगाय सगळ्यांना मारक. सगळं यूपीव्हीसीच, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, वापरलं. पंपाजवळ युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारा जोड, टाकलं, म्हणजे साफसफाईसाठी पाइप कापावा लागत नाही.

काचेच्या भोकात पाइप बसवायच्या जोडाचा, म्हणजे टँक निपलचा, रबरी वॉशर काचेच्या आतल्या बाजूला, निपलच्या कडेखाली बसवला. नट हाताने आवळला, वर पाव फेरा, बस. पाना लावून जोर केला की काच तडकते. सॉल्व्हंटने चिकटवलेले पाइपचे जोड दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले, मग साधं पाणी भरलं आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर गुंडाळला. एका एल्बोखालचा कागद कडेने हळूहळू ओला झाला. बोटाला काही जाणवत नव्हतं, कागदाने मात्र ते दाखवलं. तो तुकडा कापून नवा लावला.

मग खरी परीक्षा. पंप चालू असताना प्लग काढला, आणि पाणी थांबल्यावर संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली. कडेला चांगली जागा उरली होती. दुसरी चाचणी उलटी होती: ओव्हरफ्लोचा मुख्य पाइप मुद्दाम बंद केला. तिथे दोन पाइप आहेत, एक नेहमीचा आणि त्याच्यापेक्षा उंच तोंडाचा कोरडा, आणीबाणीचा. कोरड्याने सगळं पाणी व्यवस्थित घेतलं. मग दोन्ही बंद केले. संपमधल्या पंपाच्या कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर साधारण 14 लिटर पाणी असतं, वरच्या टँकमध्ये काठापर्यंत 16 लिटरची जागा. पंप कोरडा पडला, पण काठावरून थेंबही आला नाही. लगेच प्लग काढला. हा हिशोब जुळला तेव्हाच मी मीठ विकत आणलं.

बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या ऑटो टॉप-ऑफचं आरओ पाणी मी फक्त 10 लिटरच्या कॅनमध्ये ठेवतो. फ्लोट अडकून कॅन पूर्ण रिकामा झाला तरी पाण्याचा खारटपणा दर हजारी 35 वरून 34 च्या आसपास जाईल, आणि तेवढं प्राणी सोसतात. मोठा ड्रम जोडायचा मोह टाळाच, त्यात सोय कमी आणि धोका जास्त. नळीचं तोंडही संपच्या पाण्याच्या वर हवं, नाहीतर तिथेही सायफन सुरू होतो.

विजेचा बोर्ड संपच्या वर, बाजूच्या भिंतीवर आहे. प्रत्येक वायर बोर्डाखाली एक झोळ घेऊन वर जाते, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचत नाही. गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहेच. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी हलवणारा पंप, प्राणवायूसाठी. रिटर्न पंप मुद्दाम इन्व्हर्टरला जोडलेला नाही.

आजही दर महिन्याला प्लग काढून पातळी जुन्या रेघेशी ताडून बघतो. सायफनच्या भोकावर शेवाळ किंवा गुलाबी थर धरतो, तो जुन्या टूथब्रशने काढतो. जोडांवर पांढरं मीठ दिसलं की तिथे झिरपतंय हे ओळखायचं. पुसून दोन दिवसांनी पुन्हा बघतो, परत आलं असेल तर तो जोड त्याच आठवड्यात उघडतो.