चिमटीत सरकलेली फिन

फेब्रुवारीत पिंपळगावहून तात्यांचा फोन आला. "भाऊ, तुमची नवी कॉइल बसवली, पण प्री-कूलिंगची खोली गारच होईना. माल आत आहे." तोडलेल्या द्राक्षाच्या घडातली उष्णता काही तासांत काढली नाही तर देठ सुकतात. नाशिकच्या अंबडमधलं माझं कॉइल बनवायचं शेड तिथल्या मामांवर सोपवून मी तसाच निघालो.

कॉइल म्हणजे गार गॅस फिरणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन. गॅस पुरेसा होता, पंखे नीट चालत होते. सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब, मात्र कमी. नळ्या जोडणाऱ्या कडेच्या वळणांवर, म्हणजे रिटर्न बेंडवर, पांढराशुभ्र बर्फ आणि फिनवर नुसता ओलावा. नळीतला गारवा फिनपर्यंत पोचतच नव्हता. मी कडेची एक फिन चिमटीत धरली, तर ती नळीवरून सरकली! पोटात गोळाच आला. कॉइलचं बहुतेक क्षेत्रफळ फिनचं असतं. हवेतली उष्णता ॲल्युमिनियमच्या फिन गोळा करतात आणि तांब्याच्या नळीला देतात. फिनच्या भोकाची दुमडलेली कड, म्हणजे कॉलर, नळीला घट्ट चिकटलेली नसेल तर मध्ये हवा राहते. ॲल्युमिनियम हवेच्या सुमारे ९,००० पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे ०.०१ मिमीची, केसाहून बारीक फट उष्णतेला ९० मिमी जाड ॲल्युमिनियमइतकी अडवते.

त्या रात्री तात्यांचा माल शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हलवला आणि कॉइल उतरवून शेडवर आणली.

कॉइल बांधताना नळ्या फिनमधून सैलच ओवतात. मग नळीच्या आतल्या व्यासाहून किंचित मोठी गोळी, म्हणजे बुलेट, आतून दाबून नळी फुगवतात, ती कॉलरवर आवळून बसते. मशीन तेच, बुलेटही तीच. मामांनी नळी कापून मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, भिंत ०.३० मिमी आहे. आपण ०.३५ ची वापरायचो ना?" तांबं महागलं म्हणून पातळ नळी मीच मागवली होती. बुलेट आतून ढकलते. दोन्ही बाजूंची भिंत ०.०५ नं कमी झाली, की फुगलेल्या नळीचा बाहेरचा व्यास ०.१ मिमीनं कमी भरतो. पकड असते तीच मुळी तेवढी. नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट आम्ही केली होती, पण ती गळती दाखवते, पकड नाही.

सातपूरहून ०.१ मिमी मोठी बुलेट करून घेतली. आधी नमुन्याचा तुकडा फुगवून उभा कापला. कॉलरचा ठसा तांब्यावर गोल, सलग उमटला होता आणि पक्कडीनं ओढूनही फिन हलेना. मगच पूर्ण कॉइल बांधली. तिसऱ्या दिवशी पिंपळगावला मशीन सुरू केलं, तेव्हा बेंडपासून फिनच्या कडेपर्यंत एकसारखं दहिवर धरलं. तात्या बराच वेळ तिथेच उभे होते.

त्याच तांब्याच्या आणखी तीन कॉइल बाहेर गेल्या होत्या. तिघांनाही मी स्वतः फोन केले. दोन बदलून झाल्या. दिंडोरीची या रविवारी उतरवायची आहे.